‘काळं क्रोम’ बंद केलं, म्हणजे नको त्या साइट बंद झाल्या का?

रविवारी बहिणीने भाच्याचा फोन माझ्या हातात ठेवला. “दादा, यातलं ते काळं क्रोम बंद करून दे.” भाचा सातवीत. काळं क्रोम म्हणजे इनकॉग्निटो. टोपी-गॉगलवाल्या माणसाचं चित्र येतं ना, ते. मी विचारलं, “कशाला?” तर म्हणाली, “अरे, नको नको ते उघडायचं तरी थांबेल.”

नाही थांबणार. सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं, तिथे येणारा नाव-वेळ लिहून आत जातो. इनकॉग्निटो म्हणजे सही न करता आत शिरणं. ते बंद केलं की सही करावीच लागते, पण आत जायला मनाई कुठे आहे? मनाई हवी असेल तर गेटला कुलूप लावायला हवं, आणि ते कुलूप म्हणजे फिल्टर. बहुतेक आईबापांना हवं असतं कुलूप, आणि ते मागतात रजिस्टर.

इनकॉग्निटोचं काम खरं तर फार छोटं आहे. सगळे इनकॉग्निटो टॅब बंद केले की फोनमधली हिस्टरी, कुकीज (साइटने फोनमध्ये ठेवलेल्या खुणा) आणि फॉर्ममध्ये भरलेलं पुसलं जातं. एवढंच. डाउनलोड केलेली फाइल फोनमध्येच राहते, जपून ठेवलेला बुकमार्कही राहतो. कोणत्या साइटवर गेलात हे मोबाइल कंपनीला कळू शकतं, शाळेचं वाय-फाय असेल तर तिथल्या लोकांना कळू शकतं, आणि त्या साइटला तर तुम्ही आलेले दिसताच. मोठ्यांचाही यात घोळ होतो. गूगलवर 2020 मध्ये अमेरिकेत याच गोष्टीवरून खटला भरला गेला, की इनकॉग्निटोत असतानाही वापरणाऱ्यांची माहिती गोळा होत होती. 2024 च्या तडजोडीत गूगलने जमवलेला बराच डेटा नष्ट करायचं कबूल केलं.

उलट, कुलूप नीट लावलं असेल तर ते इनकॉग्निटोतही चालतं. अँड्रॉइड 9 पासून फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असा पर्याय आहे. (नाव पुन्हा प्रायव्हेट! इथे त्याचा अर्थ अगदी वेगळा: साइटचा पत्ता विचारताना तो सांकेतिक भाषेत विचारायचा.) तिथे क्लाउडफ्लेअर या कंपनीचा कुटुंबासाठीचा पत्ता टाकला की अश्लील साइटचा पत्ताच फोनला मिळत नाही, मग टॅब पांढरा असो की काळा. 2020 मध्ये आलेली ही सोय फुकट आहे. अर्थात सातवीतल्या पोराला सेटिंगमध्ये जाऊन ती काढता येते, आणि व्हीपीएनचं (इंटरनेटचा रस्ता दुसरीकडून वळवणारं) ॲप टाकलं तर ती बाजूलाच पडते.

हा घोळ लोकांच्या डोक्यात पक्का बसायचं एक कारण मला आयफोन वाटतं. तिथे दोन्ही गोष्टी एकाच बटणाला बांधल्या आहेत. सेटिंगमधल्या स्क्रीन टाइममध्ये ‘कंटेंट ॲण्ड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’ चालू करून वेब कंटेंटमध्ये ‘लिमिट अडल्ट वेबसाइट्स’ निवडलं की फिल्टर लागतो आणि त्याच्यासोबत सफारीतला प्रायव्हेट टॅबही गायब होतो. हिस्टरी पुसायचं बटणसुद्धा करडं पडतं. म्हणजे बटण कुलपाचं आणि रजिस्टर त्यावर मोफत. फक्त स्क्रीन टाइमचा चार आकडी पासकोड वेगळा ठेवा. फोन उघडायचा आकडा मुलाला माहीत असतोच.

अँड्रॉइडवर मात्र दोन्ही सुटं आहे. गूगलचं फॅमिली लिंक लावून मुलाचं खातं आपल्या देखरेखीखाली घेतलं की क्रोममधलं इनकॉग्निटो आपोआप जातं, त्यासाठी वेगळं बटण शोधावं लागत नाही. पण साइट अडवायच्या की नाही, हा प्रश्न निराळा. फॅमिली लिंकमधल्या क्रोमच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय दिसतात: सगळ्या साइट चालू, अश्लील साइट अडवायचा प्रयत्न, किंवा आपण मंजूर केलेल्याच साइट चालू. पहिला पर्याय राहिला असेल तर इनकॉग्निटो नाही आणि अडवणूकही नाही. दुसऱ्यातला ‘प्रयत्न’ हा शब्द कंपनीने स्वतःच घातलाय, तो लक्षात असू द्या. गाळणीतून काही ना काही सुटतंच.

एका बटणाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण बहिणीने तेच लावून ठेवलं होतं. क्रोमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘लॉक इनकॉग्निटो टॅब्स’ असतं. नाव वाचून कुणालाही वाटेल की इनकॉग्निटोला टाळं लागलं. प्रत्यक्षात क्रोममधून बाहेर पडलं की उघडे इनकॉग्निटो टॅब झाकले जातात आणि फोनच्याच बोटाच्या ठशाने किंवा पिनने पुन्हा उघडतात. फोनमध्ये ठसा होता भाच्याचा. म्हणजे हिने त्याच्याच कपाटाला त्याच्याच किल्लीचं कुलूप लावून दिलं होतं! तो मान खाली घालून हसत होता.

आई-बाबांचाच फोन मुलं वापरत असतील, आणि आपल्याकडे कित्येक घरांत तसंच आहे, तर फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण ते मुलाच्या स्वतःच्या खात्यावर चालतं. अशा फोनवर इनकॉग्निटो राहणारच. आणि ते नसतं तरी काय? क्रोमच्या मेनूतून मागच्या 15 मिनिटांची हिस्टरी दोन टिचक्यांत पुसता येते. यूट्यूबला त्याचं स्वतःचं निराळं इनकॉग्निटो आहे. सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये त्यालाच सीक्रेट मोड म्हणतात. इन्स्टाग्राममधल्या लिंकवर बोट लावलं की पान इन्स्टाच्या आतच उघडतं, क्रोमच्या हिस्टरीत त्याचा मागमूस नसतो. सामायिक फोनवर रजिस्टरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. प्रायव्हेट डीएनएस लावा आणि फोन बैठकीच्या खोलीत वापरू द्या.

भाच्याच्या फोनचं शेवटी असं केलं. जुनं खातं बहिणीच्या जन्मतारखेवर उघडलेलं होतं, ते काढून त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं उघडलं आणि फॅमिली लिंकला जोडलं. क्रोमला मधला पर्याय दिला. प्ले स्टोअरमधून काहीही नवीन घ्यायचं तर आईची परवानगी लागेल असं ठेवलं, नाहीतर दुसरा ब्राउझर उतरवायला दोन मिनिटं लागतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हिस्टरी रोज चाळायची का, यावर आमचं वाजलं. माझं मत, चाळायची असेल तर त्याला सांगून चाळ. तिचं मत, सांगितलं तर उपयोग काय. ते आम्ही तसंच सोडलं.

झालंय की नाही हे बघायला मी क्रोमच्या चिन्हावर बोट दाबून धरलं. जी यादी येते त्यात ‘नवीन टॅब’ होता, इनकॉग्निटोची ओळ नव्हती. बहीण म्हणाली, “झालं ना मग?” मी फोन भाच्याकडे दिला आणि म्हटलं, “आता तूच शोध, अजून कुठून जाता येतं.” पठ्ठ्याने यूट्यूबवर एका व्हिडिओखालची लिंक उघडून दाखवली. ती अडली. मग माझ्या बहिणीचा फोन उचलला, पॅटर्न काढला आणि तिच्या क्रोममध्ये काळा टॅब उघडून आमच्यासमोर धरला.