पॅटीच्या पोटातलं तापमान

न्यूयॉर्कमध्ये बर्गरच्या दुकानाच्या दारावर स्वच्छतेच्या तपासणीतली सर्वांत वरची श्रेणी सांगणारं निळं 'ए' अक्षर दिसलं की माणसं निर्धास्त आत शिरतात. मी म्हणेन, आधी तपासणीचा अहवाल उघडा. तो कुणालाही ऑनलाइन वाचता येतो. तिथे निरीक्षक न सांगता येतो आणि प्रत्येक चुकीला गुण देतो. एकूण गुण 13 किंवा त्याहून कमी असले की 'ए'. अन्न योग्य तापमानाला न ठेवणं हा गंभीर दोष, त्याचे किमान 7 गुण. म्हणजे असा एक दोष सापडूनही दारावर 'ए' लागू शकतो! म्हणून अहवालात मी सगळ्यात आधी तापमानाची ओळ शोधते.

बर्गरच्या बाबतीत तर ती ओळ फारच मोलाची. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि तवा तापला की ते मरतात. पण त्याच मांसाचा खिमा केला की बाहेरचे जिवाणू आत मिसळतात, पार मध्यापर्यंत. शिवाय एका पॅटीत, म्हणजे बर्गरमधल्या खिम्याच्या चपट्या वडीत, अनेक जनावरांचं मांस असू शकतं. आपल्याकडचा खिमा रटरटून शिजतो. पॅटी मात्र काही मिनिटांत तव्यावरून उतरते.

1993 साली अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या साखळीच्या कच्चट बर्गरमधून ई. कोलाय ओ157:एच7 हा जिवाणू पसरला. 700 हून अधिक लोक आजारी पडले, 4 मुलं दगावली. या जिवाणूचं विष रक्तपेशी फोडतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. लहानग्यांना त्याचा धोका सर्वाधिक. वॉशिंग्टन राज्याचा नियम पॅटी आतून 68 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याचा होता, साखळी मात्र 60 अंशांचा जुना केंद्रीय निकष पाळत होती. आठ अंशांचा फरक! त्या मुलांचा विचार मनात आला की आजही गलबलून येतं. 1994 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने हा जिवाणू असलेला गोमांसाचा कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला.

हे आठ अंश इतके महत्त्वाचे का? कारण तापमान थोडं वाढलं तरी जिवाणू कितीतरी वेगाने मरतात. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत खिम्यासाठी 63 अंशांना 3 मिनिटं, 66 ला 1 मिनिट, 68 ला 17 सेकंद असा हिशेब आहे. 70 अंशांना एक सेकंदही पुरतो.

'आतून तपकिरी झाली, म्हणजे शिजली' यावर मात्र विसंबू नका. मांसाला लाली देणारं मायोग्लोबिन हवेतल्या ऑक्सिजनने आधीच बदललेलं असेल, तर पॅटी सुरक्षित तापमानाच्या कितीतरी आधी तपकिरी दिसते. उलट काही वेळा पुरती शिजलेली पॅटीही गुलाबी राहते. म्हणून थर्मामीटरच हवा, आणि तोही वरून नव्हे. पॅटी पातळ असते. वरून खुपसलं तर टोक आरपार जाऊन तव्याचंच तापमान दाखवेल. थर्मामीटरची सळई कडेने आडवी घालायची, टोक बरोबर मध्यावर आणायचं, आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं.