दोन ‘दऱ्या’: मराठी फॉन्टच्या कुलुपांची पार्श्वभूमी
गिरगाव-काळबादेवीतल्या छापखान्यांतले शिशाचे खिळे गेले आणि संगणकावर पाने जुळवणारा पेजमेकर आला. पेजमेकरला देवनागरीची जोडाक्षरे कळत नसत. मग प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. एका फॉन्टमध्ये घरे २५६, त्यातलीही काही राखीव. कुठला तुकडा कुठल्या घरात, हे ज्याचे त्याने ठरवले. कृतीदेव या फॉन्टमधला ‘मराठी’ हा शब्द, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर, इ, जे, के, कॅपिटल बी, एच असा दिसतो. श्रीलिपीचा हिशेब वेगळा, आकृतीचा त्याहून वेगळा. निवड गिऱ्हाइकाची म्हणायची, पण दादरच्या छापखान्यात जे असेल तेच घ्यावे लागे. नाहीतर फाइलऐवजी बटर पेपरवरची प्रिंट द्यायची. वर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचे कुलूप. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा हा ठोकळा, ते पोर्टच नव्या संगणकांवरून गेल्यावर निरुपयोगी झाला.

प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारे इस्की हे भारतीय मानक १९९१ चे, जगभरच्या लिप्यांसाठी तेच काम करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट जुळायला २०१२ उजाडले. तोवर छापखान्यांनी जुने फॉन्ट सोडले नाहीत, यात त्यांचा हट्ट कमी आणि नाइलाज जास्त.

खरा गुंता अर्ध्या ‘र’चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. जुन्या २.० आवृत्तीची रीत म्हणजे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ही रीत मुख्य ठरली. जुनी मात्र काढली नाही, आणि चूक झाली ती इथेच. दोन्ही ‘दऱ्या’ डोळ्याला एक, पण एकीचा शोध घेतला तर दुसरी सहसा सापडत नाही. एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्ह गाळले, तर दऱ्यांचा थेट दर्या होतो.

इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट-जे, डी आणि मग य, असे टाइप केले की मुख्य रीतच उतरते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून जे येते, त्यात मात्र ०९३० (र), ०९४डी (हलन्त), २००डी (अदृश्य जोडचिन्ह) ही युनिकोड क्रमांकांची जोडणी शोधून तिच्या जागी ०९३१ (नुक्त्याचा ऱ), ०९४डी घालावी लागते. नुसते २००डी पुसू नये, ‘क्‍ष’ असा मुद्दाम सुटा ठेवलेला अर्धा क त्याच चिन्हावर उभा असतो. मजकुरातले इंग्रजी शब्द कन्व्हर्टर चालवण्याआधी वेगळे काढावेत, नाहीतर त्यांचीही देवनागरी खिचडी होते.