जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध का देत नाही?

"मागच्या महिन्यात तुमच्याकडूनच नेल्या होत्या गोळ्या, मग आता परत चिठ्ठी कशाला?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. मागे रांग वाढते, घरचं माणूस आजारी असलेल्या ग्राहकाचा संताप होतो. म्हणून हे पत्रक.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्या नियमांप्रमाणे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतलं, औषध एका चिठ्ठीवर एकदाच देता येतं. बीपी, साखर यांच्या बहुतेक गोळ्या आणि अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स यातच येतात. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहिलेलं हवं.

खरा घोटाळा इथेच होतो. केबिनमधून बाहेर पडताना बहुतेक जण चिठ्ठी न वाचताच घडी करून खिशात टाकतात. एकूण गोळ्या किती, कोणती गोळी दिवसातून किती वेळा आणि हीच औषधं पुन्हा किती वेळा, किती दिवसांनी घ्यायची, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. "दर महिन्याला, तीन वेळा" अशी एक ओळ असली की पुढच्या खेपांना आम्ही विनाप्रश्न औषध देतो. तारीख, सही आणि रुग्णाचं नाव-पत्ता तर लागतोच. हे तिथल्या तिथे पाहिलंत तर दवाखान्याची दुसरी फेरी वाचते, आणि ती फेरी बहुधा घरातल्या ज्येष्ठांनाच मारावी लागते.

औषध दिल्यावर आम्ही चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतो. "चिठ्ठी खराब केलीत" असं काही जण म्हणतात. पण नियमानेच ती नोंद करावी लागते, आणि किती खेपा झाल्या हे तुम्हालाही त्यावरूनच कळतं.

शेड्यूल एच-१ बद्दल जरा जास्त सांगायला हवं. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत सेफिक्झिमसारखी वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल अशी सवय लागणारी औषधं आहेत. यांच्या पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते: रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि नग. तुमच्यावर संशय म्हणून आम्ही नाव विचारत नाही.

रिकामी पट्टी दाखवून यातलं काहीही मिळणार नाही. ओळख कितीही जुनी असली तरी नाही. "दोन दिवसांपुरतं अँटिबायोटिक द्या" यालाही आमचा नकारच असतो. अर्धवट किंवा उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढच्या आजारात हाताशी औषध उरत नाही. दुसरीकडे अशी औषधं सहज मिळतात असं ऐकतो. तरीही आम्ही देणार नाही. झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या संपण्याच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना भेटा. त्या एकदम बंद झाल्या तर त्रास होतो, कधी कधी फिट्सही येतात.

टीबीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आमची विक्री बुडेल, पण आधी तिथे चौकशी करा.

स्वस्त गोळीबद्दलही बरेच जण विचारतात. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर आम्हाला ते परस्पर बदलता येत नाही. डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्या, मग त्यातला परवडणारा पर्याय आम्ही दाखवू. पॅरासिटॅमॉल, ओआरएस अशा गोष्टींना चिठ्ठी लागत नाही.

नेहमीच्या ग्राहकांसाठी आम्ही रिपीटची तारीख लिहून ठेवतो आणि औषध संपण्याआधी फोन करतो. चिठ्ठीचा फोटो आधी पाठवलात तर औषधं काढून, बिल करून ठेवू. मात्र घ्यायला येताना मूळ चिठ्ठी सोबत आणा. इन्सुलिन आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो आणि बर्फाच्या पिशवीसह देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

दुपारी दोन ते चार आमचे फार्मासिस्ट जेवायला जातात. नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नसताना चिठ्ठीवरची औषधं देता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी ही वेळ टाळून या.