थोक लाय

थोक लाय : कँटोनीज भाषेतील एक शिष्टोक्ती. ही भाषा दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, हाँगकाँग व मकाऊमध्ये आणि तेथून मलेशिया, अमेरिका आदी देशांत गेलेल्या समाजांत बोलली जाते. आपली खुशाली किंवा यश सांगताना त्याचे श्रेय दुसऱ्याच्या पुण्याईकडे वळवण्यासाठी ही उक्ती वापरतात. तिच्या दोन्ही शब्दांत आधार घेण्याचा, विसंबण्याचा भाव आहे. आधार कोणाचा, हे बोलणारा बहुधा सांगत नाही. समोरचा माणूस, पूर्वज, देव, जे समजायचे ते समजावे. ‘घरची मंडळी बरी आहेत ना?’ या प्रश्नाला ‘थोक लाय, केइ होउ’ (कृपेने ठीक चालले आहे) असे उत्तर येते आणि त्याला ‘याउ सम’, म्हणजे ‘आठवणीने विचारलेत’, ही जोड मिळते. विचारणाऱ्याने प्रत्यक्षात काही केलेले असावे लागत नाही. ज्याने खरोखर मदत केली, त्याच्यासाठी ‘तो तक नेइ’ (हे तुमच्यामुळे झाले) हा वेगळा प्रयोग आहे.

‘थोक फुक’ याच वळणाचा, पण अधिक औपचारिक. त्यातील ‘फुक’ म्हणजे नववर्षाला लाल कागदावर लिहून दारावर चिकटवतात ते सौभाग्याचे अक्षर. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेला चिनी भाषेत हीच दोन अक्षरे वापरतात. उच्चार जुळतो आणि परीक्षार्थ्याला आशीर्वादही आयता मिळतो!

अजून न घडलेल्या गोष्टीला ‘थोक लाय’ चालत नाही. कोणी ‘यंदा धंदा जोरात होईल’ म्हटले, तर ‘सिंग नेइ ग्वाय यिन’ म्हणतात : आपल्या मोलाच्या शब्दाने तसेच होवो. मराठीत अशा वेळी ‘तुमच्या तोंडात साखर पडो’ म्हणतात. यातले ‘सिंग’ हे कृपा स्वीकारण्याचे क्रियापद हाँगकाँगच्या दुकानांतही ऐकू येते. गल्ल्यावरचा माणूस रकमेआधी ‘सिंग वाय’ म्हणतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले, ही जणू त्याची मेहेरबानी. तिथे या शब्दाची नम्रता बरीच झिजली आहे, ऐकणाऱ्याला तो निव्वळ ‘एकूण’सारखा वाटतो.

सुरात जरा फरक पडला की श्रेय देण्याची ही रीत उलटते. उशिरा आलेल्या मित्रामुळे गाडी चुकली, तर त्याला ‘तो तक नेइ म सिउ’ ऐकवतात : तुझे उपकार काही थोडेथोडके नाहीत.