छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स (ठाणे–नवी मुंबई)

रेझिस्टर (प्रवाहाला अडवून कमी करणारा), कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा), डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा) असे सुटे भाग जोडून साधी सर्किटे बांधण्याचा आणि ती का चालतात हे मोजून समजून घेण्याचा छंद. वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची) पहिली वसाहत. पुढे ठाणे–बेलापूर पट्ट्यातही कारखाने आले. त्यामुळे इथल्या अनेक घरांत मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह, ओहम मोजणारे यंत्र) कसा धरायचा हे सांगणारे एखादे काका किंवा आजोबा असतात. नवख्याला त्यांचा फार आधार होतो.

सुरुवात एलईडीपासून, म्हणजे प्रवाह मिळताच उजळणाऱ्या छोट्या दिव्यापासून, करावी. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा) आणि लाल एलईडी एकामागे एक जोडले की एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ रेझिस्टरवर. ७ भागिले ४७० म्हणजे सुमारे १५ मिलिॲम्पियर. एवढा प्रवाह एलईडीला पुरेसा आणि सुरक्षितही. जॉर्ज ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे आकड्यांत दिसतो. रेझिस्टर न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडला तर तो जळण्याची शक्यता मोठी.

दिवा लागला नाही, तर खरे शिकणे तिथून सुरू होते. भाग बदलत बसण्यापेक्षा मल्टिमीटर लावावा. दोन्ही भागांवर शून्य व्होल्ट दिसले तर बॅटरी किंवा एखादी वायर सुटली आहे. एलईडीवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर तो तुटलेला किंवा उलटा बसलेला आहे. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे हवा. रेझिस्टरवर ९ आणि एलईडीवर शून्य, असे दिसले तर बहुधा एलईडीचे दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता भाग खोचून जोडायच्या छिद्रांच्या पाटीच्या) एकाच रांगेत गेलेले असतात. ब्रेडबोर्डमध्ये पाच-पाच छिद्रे आतून जोडलेली असतात, हे वरून कळत नाही. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मध्येच तुटलेल्या असतात, तेही आधी तपासून घ्यावे. तयार मॉड्यूलपासून (आधीच जोडून मिळणाऱ्या सर्किटपासून) सुरुवात करणाऱ्यांचा हा अभ्यास राहून जातो, आणि पुढे तो भरून काढणे जड जाते.

ट्रान्झिस्टर समजायला पाण्याच्या टाकीचा अलार्म उत्तम. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या इमारतीत तो रोज उपयोगी पडतो. टाकीच्या वरच्या कडेला दोन वायरींची उघडी टोके सोडायची. पाणी तिथे पोचले की त्यातून अगदी थोडा प्रवाह बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायात जातो आणि कलेक्टर या दुसऱ्या पायाकडून त्याच्या कितीतरी पट प्रवाह बझरला मिळतो. बेससोबत १० किलोओहमचा रेझिस्टर असावा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. तांब्याची टोके पाण्यात लवकर झिजतात, कारण प्रवाह एकाच दिशेने वाहतो; स्टेनलेस स्टीलचे स्क्रू जास्त टिकतात.

त्यानंतर ५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद होणारी चिप. हान्स कामेन्झिंड यांनी रचलेली ही आयसी १९७२ पासून बाजारात आहे. १ किलोओहम व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. कपॅसिटर बदलून वेग कसा बदलतो ते जरूर पाहावे.

सुटे भाग घ्यायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे. हार्बरवरून येणाऱ्यांनी कुर्ल्याला गाडी बदलून दादर गाठावे. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, वर मेगाब्लॉकही असतो. रेझिस्टर दहा-वीसच्या पट्टीने घेतलेले बरे. पावसाळ्यात दमट हवेने भागांचे पाय काळवंडतात आणि सोल्डर (भाग जोडायला वितळवायची धातूची तार) नीट धरत नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. बऱ्याच सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. काम करताना खिडकी उघडी ठेवावी.

पहिली सगळी सर्किटे बॅटरीवर किंवा ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर करावीत. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला नवख्याने हात लावू नये. भंगारातले चार्जर आणि सीएफएल उघडतानाही जपावे. त्यांच्या आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तीनशेहून अधिक व्होल्ट धरून असू शकतो. बोट लावण्याआधी मीटरने तपासावे.