सायनसचं ऑपरेशन "परत काहून होते"?

सोयाबीनची सोंगणी झाली, थ्रेशर सुरू झाले की आमच्या विदर्भात गावोगाव नाकं वाहायला लागतात. कुटाराची धूळ, त्यात सकाळचा गारठा. कोणाचं कपाळ जड, कोणाला भाजीचा वासच येत नाही, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की पारावरचा एकजण हमखास म्हणते, "नको करू बाप्पा, ते परत होते."

जुन्या ऑपरेशनबद्दल तो तसा खोटं नाही बोलत.

चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, तेच सायनस. आतल्या अस्तरावर डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि शेंबूड ढकलत ढकलत नाकात आणून सोडतात. गंमत अशी का गालाच्या पोकळीचं तोंड खाली नसून पार वर आहे, म्हणजे चिकट माल रोज चढावर चढवावा लागते.

१८९३ मध्ये अमेरिकेत कॉल्डवेल आणि नंतर पॅरिसमध्ये ल्यूक यांनी जे ऑपरेशन सांगितलं त्यात वरच्या ओठाखाली चिरा देऊन हाडाला खिडकी पाडायची, आतलं अस्तर खरवडायचं आणि नाकात खालच्या अंगाला नवीन भोक करून द्यायचं. वावरात पाणी साचलं तर आपण बांध खालूनच फोडतो ना, तोच हिशोब. पटण्यासारखाच आहे, म्हणून कितीतरी वर्षं चालला.

पण ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी ताज्या मृतदेहांच्या नाकात बारकाईनं पाहिलं (माणूस गेल्यावरही हे केस काही तास हलत राहतात!) तर शेंबूड त्या नवीन भोकाला टाळून सरळ पुढं जाते आणि वरच्या जुन्याच तोंडाकडे चढते. उतारबितार त्याला कळतच नाही. मग खालचं भोक कितीही मोठं करा, वरचं तोंड सुजून बंद असलं तर माल आतच सडणार.

म्हणून आता दुर्बिणीनं नाकातूनच जातात, बाहेर टाका नाही, ते मूळचं तोंड मोकळं करतात आणि अस्तर होईल तेवढं वाचवतात. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत केनेडी आणि ग्राझमध्येच श्टामबर्गर यांनी ही पद्धत जगभर नेली. काम नाजूकच, कारण डोळ्याच्या बाजूची भिंत कागदाएवढी पातळ असते आणि वर मेंदू, त्यामुळे आधी सीटी स्कॅन काढायला लावला तर डॉक्टर पैसे काढते असं समजू नका.

आता लोक चुकतात ते इथं. ऑपरेशननं रस्ता मोकळा होते, सुजण्याची खोड जात नाही, खास करून ज्यांना नाकात मोड (मऊ गाठी, पॉलिप) येतात त्यांची. त्यांना नंतरही मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे चालूच ठेवावा लागते, आणि आपल्याकडे टाके-बिके नाहीत म्हणून पंधरा दिवसांत सगळं बंद! पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या, बोअरचं किंवा नळाचं कच्चं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुईझियानात नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यामुळं अमिबा मेंदूत जाऊन दोघं दगावले होते.

आणि एकाच बाजूनं घाण वासाचं पाणी येत असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसला खेटून असतात, किडलेली दाढ तशीच ठेवून नाकाचं ऑपरेशन केलं तर ते परत होणारच.