स्टॉप-लॉस व टार्गेट यांचे सिम्युलेशन

जुन्या भावांवर एखादी ट्रेडिंग पद्धत चालवून पाहणे म्हणजे बॅकटेस्टिंग. त्यात प्रत्येक सौद्याचा स्टॉप-लॉस (तोटा आवरण्यासाठी आधीच ठरवलेला बाहेर पडण्याचा भाव, थोडक्यात स्टॉप) किंवा टार्गेट (नफा घेऊन बाहेर पडण्याचा ठरवलेला भाव) केव्हा आणि कोणत्या भावाला लागले असते, हे ठरवावे लागते. काम किरकोळ वाटते. पण कागदावर चमकणाऱ्या कितीतरी पद्धतींचा नफा बाजारातून नव्हे, तर याच टप्प्यावरच्या प्रोग्रामच्या एखाद्या ओळीतून आलेला असतो.

मूळ अडचण कॅन्डलची, म्हणजे चार्टवर एका ठरावीक मुदतीतले भाव दाखवणाऱ्या ठोकळ्याची. ती उघडता, वरचा, खालचा आणि बंद असे चार भाव सांगते. वरचा आधी आला की खालचा, हे सांगत नाही. समजा १०० ला खरेदी केली, स्टॉप ९८ ला आणि टार्गेट १०४ ला लावले. पुढची कॅन्डल १००.५ ला उघडली, १०४.५ पर्यंत चढली, ९७.५ पर्यंत उतरली आणि १०१ ला बंद झाली. सौदा ४ नफ्यात सुटला की २ तोट्यात, हे या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. प्रोग्राममध्ये टार्गेटची अट आधी लिहिली असेल, तर असा प्रत्येक सौदा नफ्यात जमा होतो.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे शंका आली की स्टॉप आधी उडाला असे धरणे. दुसरा अंदाजाचा: ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर मूळ रीत अशी, की उघडता भाव वरच्या भावाला जवळ असेल तर किंमत आधी वर गेली असे मानायचे, नाहीतर आधी खाली. हा केवळ संकेत आहे, पुरावा नव्हे. खरा उपाय म्हणजे लहान मुदतीचा डेटा: तासाच्या कॅन्डलच्या पोटात मिनिटाच्या कॅन्डल पाहायच्या, आणि तिथेही पेच उरला तर टिक डेटाकडे, म्हणजे भावाच्या प्रत्येक बदलाच्या नोंदीकडे जायचे. मेटाट्रेडर ५ या ट्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या टिकवर चाचणी घेण्याची सोय आहे. डेटा मिळत नसेल तर सगळे पेच एकदा स्टॉपच्या बाजूने आणि एकदा टार्गेटच्या बाजूने सोडवून दोन्ही निकाल पाहावेत. त्यांत मोठी तफावत निघाली, तर त्या मुदतीच्या डेटावर ती पद्धत तपासताच येत नाही, असे समजावे.

स्टॉप लागला म्हणजे त्याच भावाला सौदा सुटला, असेही नाही. साधा स्टॉप लागताच मार्केट ऑर्डर होतो, म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा सुटतो. ९८ चा स्टॉप असताना भाव गॅपने, म्हणजे मधले भाव ओलांडून थेट, ९५ ला उघडला, तर बाहेर पडण्याचा भाव ९५ च्या आसपास धरावा, ९८ नव्हे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकची राखलेली किमान पातळी सोडून दिली, तेव्हा त्या पातळीखाली लावलेले कित्येक स्टॉप फार दूरच्या भावांना पुरे झाले. टार्गेटचे गणित उलटे. तो लिमिट ऑर्डर असतो, म्हणजे ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच पुरा होतो. भाव नुसता शिवून परतला तर रांगेत मागे असलेल्याचा माल विकला जाईलच असे नाही. म्हणून भाव टार्गेटच्या निदान एक टिक (भाव हलण्याची सर्वांत लहान पायरी) पलीकडे गेला, तरच ते लागले असे धरणारे पुष्कळ आहेत.

फॉरेक्सचे, म्हणजे परकीय चलनांचे, चार्ट बहुधा बिड भावाचे (ज्या भावाला आपल्याला विकता येते) असतात, पण शॉर्ट सौद्याचा (आधी विकून नंतर खरेदी करण्याचा) स्टॉप आस्क भावावर (ज्या भावाला आपल्याला खरेदी करता येते) लागतो. चार्टवर थोडक्यात वाचलेला स्टॉप प्रत्यक्षात स्प्रेडमुळे, म्हणजे या दोन भावांतल्या फरकामुळे, उडालेला असू शकतो.

प्रवेशाच्या कॅन्डलमध्ये वेगळा सापळा आहे. खरेदी कॅन्डलच्या मध्यावर झाली असेल, तर तिचा खालचा भाव खरेदीआधीचाही असू शकतो. बंद भावाला झाली असेल, तर तपासणी पुढच्या कॅन्डलपासूनच सुरू व्हायला हवी. ट्रेलिंग स्टॉपमध्ये (भाव अनुकूल सरकेल तसा मागोमाग सरकवला जाणारा स्टॉप) हीच चूक जास्त लपून बसते: चालू कॅन्डलच्या वरच्या भावावरून स्टॉप सरकवला आणि त्याच कॅन्डलच्या खालच्या भावावर तो तपासला, तर वरचा भाव आधी आला हे नकळत गृहीत धरले जाते.

सिम्युलेटरचीच परीक्षा घेण्याचा एक जुजबी पण बोलका मार्ग आहे. नाणेफेकीने एकेक टिक वर-खाली जाणारी भावांची मालिका तयार करायची, तिच्या कॅन्डल करायच्या आणि सुरुवातीच्या उदाहरणातलाच सौदा खर्च न धरता शेकडो वेळा चालवायचा. तोटा २ आणि नफा ४ असल्याने टार्गेट साधारण तीनांत एकदाच आधी लागायला हवे आणि सरासरी नफा शून्याजवळ राहायला हवा. इथेही ठळक नफा दिसला, तर दोष भावांत नाही, प्रोग्रामात आहे.